संध्याकाळी सहाला जी वस्तीत असते, तीच प्रमुख

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या एका वस्तीत तुमचा ट्रस्ट शाळा सुटल्यानंतरचे चार वर्ग चालवतो. पहिली ते सातवीची सव्वाशेच्या आसपास मुलं, सहा वर्गताई, पाच विश्वस्त. ज्या ताईंनी हे काम उभं केलं त्या सत्तरीला आल्या आहेत आणि आता थांबू म्हणतात. त्यांच्या जागी बाहेरून एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेलं कुणी आणावं, की वर्गताईंपैकीच एकीला प्रमुख करावं, यावर विश्वस्तांत दोन तट पडले आहेत. शिवाय पगार किती द्यावा आणि विश्वस्तांनी नेमकं काय बघावं, हेही तुम्ही विचारलं आहे.

वर्गताईंपैकीच एक, असं माझं मत आहे. मात्र पदाबरोबर पैसे, अधिकार आणि पाठबळ देणार नसाल तर बाहेरचं माणूस आणा. नाही जमलं तर ते दुसरीकडे नोकरी धरेल. वस्तीतल्या बाईला काम बिनसल्यावरही त्याच गल्लीत राहायचं असतं.

आधी वेळेचं बोलू, कारण बहुतेक संस्था इथेच घसरतात. जाहिरातीत ‘सकाळी दहा ते सहा’ असं छापलं जातं. शाळेनंतरच्या वर्गाचं खरं काम साडेचार ते आठ या वेळात असतं. पोरगा दप्तर घरी टाकून वर्गात न येता टपरीपाशी उभा दिसतो तो याच वेळी. आई धुण्याभांड्याची कामं आटोपून परत येते आणि दोन मिनिटं बोलू शकते ती याच वेळी. समाजमंदिराची किल्ली ज्याच्याकडे आहे तो लग्नाला गेलेला असतो, एखादी ताई अचानक येत नाही, पिऊन आलेला बाप वर्गाच्या दाराशी पोराला शिव्या घालतो, हे सगळं याच वेळी. आणि नेमका तेव्हा प्रमुख घरी जायच्या बसमध्ये असतो. मग प्रश्न फोनवर सोडवले जातात, म्हणजे उद्यावर ढकलले जातात. म्हणून प्रमुखाची वेळ दुपारी बारा ते रात्री आठ अशी ठेवा आणि तसं नेमणूकपत्रात लिहा. बँक, सीए, महापालिका शाळेच्या मुख्याध्यापकांची भेट, हिशेब, ताईंची तयारी हे दुपारी. चारनंतर कार्यालयाला कुलूप आणि प्रमुख वस्तीत. सकाळपाळीची मुलं दुपारीच मोकळी होतात, त्यांच्यासाठी एखादा वर्ग तीनला लावावा लागतो. फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयानंतर चौथीपर्यंतच्या वर्गांची वेळ सकाळी नऊच्या आधी ठेवायची नाही असं ठरलं, त्यामुळे तुमच्या भागातल्या शाळांच्या पाळ्या आज नेमक्या कशा आहेत ते नव्याने लिहून काढा. जुन्या वेळापत्रकावर वर्ग चालू असतात आणि मुलं का गळाली याचं कारण कुणालाच सापडत नाही.

ही वेळ बाहेरच्या माणसाला जड जाते, वस्तीतल्या बाईला वेगळ्या कारणाने जड जाते. तिच्या घरी तेव्हाच स्वयंपाक असतो, काही वस्त्यांत पाणी तेव्हाच येतं. ‘घरच्यांची परवानगी आहे ना?’ असं मुलाखतीत विचारू नका, तो प्रश्न अपमानाचा आहे. त्याऐवजी सरळ विचारा, सहा ते आठ घरचं कोण बघेल? ती उत्तर देईल, कारण तिने ते आधीच ठरवलेलं असतं. ठरवलेलं नसेल तर तिला हे पद नको आहे, कुणीतरी तिच्या गळ्यात घालतंय.

आता वस्तीतलीच का, याबद्दल. ‘प्रथम’ नावाच्या शिक्षणातल्या स्वयंसेवी संस्थेने १९९० च्या दशकात मुंबईत बालसखीची पद्धत सुरू केली. वस्तीतल्याच, फार शिकलेल्या नसलेल्या तरुण मुली तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांचा लहान गट घेऊन बसायच्या. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात त्याची शास्त्रशुद्ध तपासणी झाली; ती करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले आणि सर्वांत मागे असलेल्यांचे सर्वांत जास्त. हेही सांगायला हवं, की कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात त्यातला बराच फायदा विरला. हे काम शाळेच्या वेळेत चालायचं आणि त्यातून शिकवणाऱ्यांबद्दल कळतं, प्रमुखांबद्दल नाही. तरी बारावी झालेली वस्तीतली मुलगी शिकवूच शकत नाही, हे तुमच्या विश्वस्तांपैकी कुणी म्हणत असेल तर त्याला उत्तर तिथे आहे. प्रमुखाच्या बाबतीत माझा आधार अनुभवाचा आहे. मूल तीन दिवस आलं नाही तर पदवीधर समन्वयक हजेरीपटावर लाल खूण करते; वस्तीतली प्रमुख सांगते की त्याच्या आजीला ससूनला ठेवलंय आणि तो धाकट्या बहिणीला सांभाळतोय, बहिणीलाही घेऊन ये म्हणून निरोप दिलाय.

पण अडचणी खऱ्या आहेत, आणि त्या विश्वस्तांना दिसत नाहीत कारण त्या बैठकीत येत नाहीत. कालपर्यंत बरोबर डबा खाणारी आज रजा मंजूर करणार, हे बाकीच्या पाचजणींना टोचतं. त्यांपैकी एक तिची जाऊ किंवा मावसबहीण असण्याची शक्यता मोठी. वस्ती बाहेरून एक दिसते, आत गल्ल्या असतात, विहाराकडची आणि देवळाकडची बाजू असते, आधी आलेले आणि नंतर आलेले असतात, नगरसेवकाची माणसं असतात. प्रमुख एका गल्लीतली झाली की दुसऱ्या गल्लीतली मुलं कमी होऊ लागतात, कुणीही काहीही बोललेलं नसताना. उपाय सोपा नाही, पण आहे. नेमणूक कार्यालयात नको, वस्तीतल्या पालकसभेत जाहीर करा, आणि ती विश्वस्तांनी स्वतः जाहीर करावी. नात्यातल्या ताईचं मूल्यमापन आणि मानधनवाढ प्रमुखाकडे ठेवू नका, ते एका विश्वस्ताकडे द्या. दर पंधरवड्याला तिने आपल्या नसलेल्या गल्लीत घरभेटी कराव्यात आणि त्या नोंदवाव्यात. आणि ‘प्रभारी’ म्हणून लटकवू नका. प्रभारीचं कुणी ऐकत नाही. तीन महिन्यांचा परिविक्षा काळ, तारीख घातलेलं पत्र, बस.

सहाजणींतून निवडायची कशी? सर्वांत छान शिकवणारीला प्रमुख करण्याची रीत आहे, ती मोडा. तिला वर्गातून काढलंत की एक उत्तम वर्ग जातो, आणि प्रमुखाचं काम वेगळंच आहे. मी हजेरीपट बघते. गणेशोत्सवाच्या आठवड्यातही ज्या वर्गात रोज तीसच्या तीस हजर आहेत तो हजेरीपट खोटा आहे. त्या दहा दिवसांत मुलं मंडपात असतात, नाचाच्या तालमीत असतात, आणि बऱ्याच वस्त्यांत वर्गाची जागाच मंडळ घेतं. ज्या ताईच्या पटावर चौदा गैरहजर दिसतात आणि त्यांतल्या बाराजणांचं कारण ती तोंडी सांगू शकते, तिच्याकडे नीट बघा. दुसरं लक्षण, वाईट बातमी तुमच्यापर्यंत कोण आणतं? पैसे कमी पडले, मूल पडलं, एका ताईचा आवाज चढतो, हे वेळेत सांगणारी बाई चुगलखोर नसते. चुगलीत नाव आधी येतं आणि घटना नंतर.

मुलाखतीवर फार भिस्त ठेवू नका. त्याऐवजी एक सहल सोपवा. साठ-सत्तर मुलं कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात न्यायची. बस, पालकांच्या संमतीच्या चिठ्ठ्या, खाऊ, पाणी, औषधाची पेटी, खर्चाची उचल सगळं तिच्याकडे. तुम्ही सोबत जा आणि गप्प राहा. मुलं मोजण्याची काय पद्धत लावते, मदत कुणाकडे मागते, वैतागलेल्या ताईला सर्वांसमोर बोलते की बाजूला घेऊन, उरलेले पैसे आणि बिलं किती दिवसांत परत येतात, हे त्या एका दिवसात कळतं. दोन नावं असतील तर दोन सहली काढा. मुलांची चंगळ होईल.

बाहेरच्या एमएसडब्ल्यूला विरोध नाही. प्रस्ताव लिहिणं, देणगीदाराचा तिमाही अहवाल, एक्सेल, मुलांची वाचनपातळी तपासून पत्रक बनवणं, बालकल्याण समितीपुढे एखादं प्रकरण नेणं, यात प्रशिक्षित माणूस लागतो. त्याला अर्धवेळ घ्या आणि प्रमुखाला उत्तरदायी ठेवा. शिकलेला माणूस कमी शिकलेलीला उत्तर देणार, हे आपल्याकडे कठीण जातं, मला माहीत आहे. उलटी मांडणी केलीत तर मात्र सहा महिन्यांत तुमच्या संस्थेत अहवाल उत्तम होतील आणि वर्गात मुलं कमी.

अधिकार म्हणजे काय, ते विश्वस्तांच्या ठरावात लिहून द्या. तोंडी दिलेला अधिकार पहिल्या भांडणात परत घेतला जातो. महिन्याला ठरावीक रकमेपर्यंत, समजा पाच हजार, कुणाला न विचारता खर्च. ताईंच्या रजा आणि बदली ताई. मुलाला प्रवेश देणं. वर्ग एखाद्या दिवशी बंद ठेवणं. आणि पाहुण्यांना नाही म्हणणं. हा शेवटचा अधिकार किरकोळ वाटेल, पण सर्वांत जास्त कस याच्यावर लागतो. कुणीतरी ओळखीचे देणगीदार नातवाचा वाढदिवस ‘आपल्या मुलांबरोबर’ साजरा करायला येतात. सव्वाशे मुलं तास-दीड तास रांगेत बसतात, अनोळखी मुलासाठी टाळ्या वाजवतात, केकचा तुकडा घेतात, फोटो निघतात, ते फोटो कुठे जातात कुणालाच ठाऊक नसतं. जून ते सप्टेंबर या काळात असे चार-पाच कार्यक्रम झाले की वाचनाचा एक आठवडा गेला समजा. प्रमुखाने फोनवर ‘रविवारी या, फोटो नको, केकऐवजी मुलांबरोबर खेळा’ असं सांगितलं आणि देणगीदाराने अध्यक्षांना फोन लावला, तर अध्यक्ष काय म्हणतात, यावर तुमच्या संस्थेचं नेतृत्व कुणाकडे आहे ते ठरतं. ‘आमच्या प्रमुखांनी सांगितलंय तेच’ एवढं एक वाक्य अध्यक्षांना पाठ करायला लावा.

अधिकाराबद्दल मी एवढी आग्रही का, त्याचं कायद्यातही कारण आहे. पॉक्सो कायदा, २०१२ (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) याच्या कलम १९ प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तसा संभव दिसला तर पोलिसांना कळवणं सर्वांनाच बंधनकारक आहे. कलम २१ मध्ये न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे. आणि संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळूनही गप्प राहिला तर शिक्षा एका वर्षापर्यंत जाते, वर दंड. ‘आधी विश्वस्तांशी बोलू, मग बघू’ याला इथे जागा नाही. तेव्हा तक्रार द्यायला तिला कुणाचीही परवानगी लागणार नाही, हे ठरावात स्वतंत्र ओळीत असू द्या. २०२० च्या पॉक्सो नियमांनुसार मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या संस्थेने प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करून घ्यायची असते, त्यात कंत्राटी माणूसही येतो. स्वयंसेवक, गाडीवाला, संगणक शिकवायला शनिवारी येणारा मुलगा यांनाही मी त्यातून सोडत नाही, आणि विश्वस्तही वर्गात जात असतील तर त्यांची आधी करा, म्हणजे बाकीचे कुरकुर करत नाहीत. १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीच्या हेल्पलाइनचा क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला लावा. अनेक ठिकाणी तो प्रमुखाच्या खुर्चीमागे लावलेला मी पाहिलाय. कुणासाठी लावलाय कोण जाणे.

संस्थापक ताईंचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत. तो प्रश्न या सगळ्यात नाजूक आहे. महाराष्ट्रात याचं चांगलं उदाहरण पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडच्या टेकडीवरच्या बालशिक्षणाच्या कामाचं. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं तेव्हा अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये काम कोसबाडला गेलं. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या, आणि १९९२ पर्यंत, स्वतःच्या अखेरपर्यंत, अनुताईंनी ते पुढे नेलं. जवळजवळ तीस वर्षं दोघी एकाच कामात होत्या. वारली मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळाच कुरणात न्यायची, ही कुरणशाळेची कल्पना अशा माणसांना सुचते ज्यांनी मुलांच्या मागे रानात पायपीट केलेली असते. तुमच्याकडे तीस वर्षं नाहीत, पण तत्त्व तेच ठेवता येईल. ताईंनी एक वर्ष रोजच्या कामातून पूर्ण बाहेर, पण हाकेच्या अंतरावर राहावं. वस्तीत जाऊ नये असं नाही. बायका त्यांच्याकडे येणारच आणि नव्या प्रमुखाविषयी सांगणारच. त्यांनी ऐकावं आणि ‘हे तिलाच सांगा’ म्हणावं. हे बोलायला सोपं आहे; ज्यांनी पदरमोड करून वर्ग चालवले त्यांना ते विष पिण्यासारखं वाटतं. म्हणून त्यांना दुसरं खरं काम द्या. जुन्या देणगीदारांशी संबंध त्यांचे आहेत, ते त्या एकेक करून प्रमुखाच्या हाती देऊ शकतात. महिन्याला एक देणगीदार, प्रमुखाला सोबत घेऊन, बोलायचं प्रमुखाने.

ताई विश्वस्त म्हणूनही निवृत्त होत असतील तर बदल अर्ज, आपण ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतो तो, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात ९० दिवसांच्या आत दाखल करा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ खाली तो लागतो. कर्मचारी बदलला तर लागत नाही. अनेक संस्थांत मयत विश्वस्ताचं नाव वर्षानुवर्षं नोंदीवर तसंच असतं आणि बँकेत सही बदलायची वेळ आली की धावपळ होते. नव्या प्रमुखाला लगेच विश्वस्त करू नका, पगारदार विश्वस्ताचा गुंता नाहक होतो. पण प्रत्येक बैठकीला तिला बोलवा, आणि चहा सांगायला नव्हे.

पगार. वर्गताई तीन तासांचं काम करते आणि प्रमुख आठ तासांचं, म्हणजे नुसत्या तासांच्या हिशेबानेच रक्कम ताईच्या मानधनाच्या अडीचपटीच्या पुढे जाते. जबाबदारीचे पैसे त्यावर. बाहेरच्या एमएसडब्ल्यूला जे देणार होतात तेच तिला द्या. ‘ती इथलीच आहे, तिला प्रवासखर्च नाही’ हा युक्तिवाद ऐकला की मला संताप येतो. ‘मानधन’ हा प्रकार प्रमुखासाठी बंद करा आणि पगार म्हणून द्या, पगारपत्रकासह, कारण त्या पत्रकावर तिला घराचं कर्ज मिळतं. पैसा कुठून आणायचा? कंपन्यांचे सीएसआरवाले (सामाजिक कामासाठीचा निधी बघणारे) सांगतात की प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर चालत नाही. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे, अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेच्या खर्चावर नाही; कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ च्या खुलाशात हे सांगितलंय. नम्रपणे तो खुलासा त्यांच्यासमोर ठेवा. परदेशी देणगी घेत असाल तर मात्र त्या देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीपासून प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे, तेव्हा प्रमुखाचा पगार कोणत्या सदरात दाखवायचा ते वर्ष सुरू होण्याआधीच सीएशी बोलून ठरवा.

स्वयंसेवकांबद्दल एवढंच, की महाविद्यालयातली मुलं उत्साही असतात आणि परीक्षा आली की दिसत नाहीत. त्यांच्यावर वर्ग टाकू नका. गोष्टी, विज्ञानाचे प्रयोग, शनिवारचे खेळ त्यांच्याकडे द्या. ‘आकांक्षा’ या शिक्षणातल्या स्वयंसेवी संस्थेची मुंबईतली सुरुवात महाविद्यालयीन स्वयंसेवकांच्या अशाच केंद्रांतून झाली होती, पुढे त्या संस्थेने महापालिकांबरोबर पूर्ण वेळच्या शाळा चालवायला घेतल्या. संध्याकाळच्या दोन तासांत काय होतं आणि काय होत नाही, याचा अंदाज त्या वळणावरून यावा. तुमच्या प्रमुखाकडून दहावीच्या निकालाची अपेक्षा करू नका. मूल रोज येतं का, सहा महिन्यांत वाचायला लागलं का, आणि त्याला काही झालं तर सांगायला वर्गात कुणी आहे का, या तीन गोष्टींचा हिशेब मागा.

नेमणूक मे महिन्यात करायचा विचार दिसतोय. तसं करू नका. मेमध्ये अर्धी वस्ती गावाला गेलेली असते आणि जूनमध्ये पटनोंदणीची झुंबड उडते, नव्या माणसाला श्वास घ्यायला सवड मिळत नाही. दिवाळीनंतर मुलं परत आली की करा. म्हणजे जूनपर्यंत तिच्या हाताशी सहा-सात महिने असतात, त्यात एक सहल, एक स्नेहसंमेलन आणि वार्षिक हिशेब पार पडतो. बँकेतली कागदपत्रं रेंगाळतील, ती रेंगाळू द्यात, पण ठराव झाला त्याच आठवड्यात पालकसभा लावा आणि नेमणूकपत्र तिथेच तिच्या हातात द्या.